राब, धरण आणि पाऊस : शहापूर-मुरबाड परिसरातील ग्रामीणांच्या हवामान-अनुकूलनामागील मानसिक घटकांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

हवामानबदलाचा विचार आपल्याकडे बहुधा पर्जन्यमान, तापमान आणि पीक-उत्पादन यांच्या आकडेवारीतून केला जातो. या बदलाला सामोरे जाणारा माणूस आकडेवारीत एक तर ‘लाभार्थी’ म्हणून येतो किंवा ‘बाधित’ म्हणून. तो स्वतः काय समजतो, कशाला भितो, कशावर विश्वास ठेवतो आणि आपल्या हातून काय होण्यासारखे आहे असे मानतो, हे प्रश्न दुय्यम ठरतात. २००५ मध्ये टॉर्स्टन ग्रोथमन आणि अँथनी पॅट या अभ्यासकांनी जर्मनी व झिंबाब्वे येथील उदाहरणांच्या आधारे या उणिवेकडे लक्ष वेधले. बदलाशी जुळवून घेण्याची क्षमता केवळ पैसा, जमीन व तंत्रज्ञान यांवर अवलंबून नसते. धोका किती मोठा वाटतो आणि त्याविरुद्ध आपल्याला काही करता येईल असे वाटते की नाही, यांवरही ती अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हे प्रतिपादन मान्य केले तरी इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न शिल्लक राहतोच. हे ‘वाटणे’ येते कोठून? मानसशास्त्र व्यक्तीच्या मनाचा वेध घेते. पण एखाद्या गावाच्या मनात ‘हे आपल्या हातातले’ आणि ‘हे आपल्या हातातले नाही’ अशी जी विभागणी पक्की झालेली असते, ती एका पिढीत होत नाही. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या संदर्भात, १८७८ च्या वनकायद्यापासून आजपर्यंतच्या काळाचा मागोवा घेत, या विभागणीचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. येथील शेतकरी व आदिवासी ‘दैववादी’ किंवा ‘परंपरानिष्ठ’ असल्यामुळे बदल स्वीकारत नाहीत, हा समज कार्यालयांत आणि काही अंशी आपल्या विद्यापीठीय लेखनातही रूढ आहे. तो ऐतिहासिक पुराव्याशी जुळत नाही, असे येथे म्हणावयाचे आहे.

प्रदेश आणि त्यातील विसंगती

सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसलेल्या या दोन तालुक्यांच्या एका टोकाला थळघाट म्हणजे कसारा घाट, तर दुसऱ्या टोकाला माळशेज व नाणेघाट आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग म्हणून प्रामुख्याने हेच तालुके उरले. शहापूर तालुका संपूर्णपणे, तर मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली हे येथील प्रमुख समाज. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु बेसाल्टचा कठीण खडक, त्यावरील मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार यांमुळे तो थांबत नाही. फाल्गुन-चैत्रात विहिरी तळ गाठतात आणि वैशाखात पाड्यांवर टँकर येतात. मुबलक पाऊस आणि नित्याची टंचाई ही विसंगती येथे हवामानबदलाच्या चर्चेच्या कितीतरी आधीपासून आहे. त्यामुळे ‘पाणी का नाही?’ या प्रश्नाला येथील माणसाजवळ फार जुनी, तयार उत्तरे आहेत. नवे उत्तर त्या जुन्या उत्तरांच्या रांगेत येऊन उभे राहते.

पावसाची जाण

येथील शेतकरी पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत नाही, तो नक्षत्रांत मोजतो. रोहिणीत वळवाच्या सरी, मृगात पेरणी, आर्द्रा-पुनर्वसूत आवण म्हणजे लावणी, हस्त-चित्रात हळव्या भाताची कापणी आणि दिवाळीच्या आगेमागे गरवे भात खळ्यावर, असे हे वेळापत्रक आहे. सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेल्या आडाख्यांनी त्याला आधार दिला. या पद्धतीला अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण तिच्यात एक गुण आहे, जो वार्षिक सरासरीत नाही. ती पावसाचे प्रमाण पाहत नाही, त्याची वेळ पाहते. भाताला महत्त्व वेळेचेच असते.

शास्त्रीय निरीक्षणे याला दुजोराच देतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या आणि त्याच वेळी मोसमी पावसाचे एकूण मान मात्र घटत गेले. गावातील माणूस ‘पाऊसकाळ फिरला’ असे म्हणतो, तेव्हा तो जवळजवळ हेच सांगत असतो. २०२३ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोहोचला, म्हणजे आर्द्रात. २०२५ मध्ये तो २६ मे रोजी आला, म्हणजे रोहिणीत. दोन वर्षांच्या अंतराने एकदा सुमारे दोन आठवडे उशिरा आणि एकदा सुमारे दोन आठवडे आधी. मृग दोन्ही वेळा चुकला. बदल जाणवत नाही ही अडचण येथे नाही. उलट तो हवामानखात्याच्या सरासरीपेक्षा येथे अधिक नेमका जाणवतो.

स्मरणाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मनुष्य ठळक प्रसंग लक्षात ठेवतो आणि हळूहळू होणारा बदल विसरतो, हे मानसशास्त्राचे जुने निरीक्षण आहे. २६ जुलै २००५ चा दिवस उल्हास खोऱ्यात कोणी विसरलेले नाही. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जुलै २०२१ मध्ये कसारा घाटात दरडी कोसळल्या आणि उंबरमाळी स्थानकात रूळ पाण्याखाली गेले, तेही स्मरणात आहे. परंतु ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ या चक्रीवादळांच्या काळात ऐन दिवाळीत कापलेले भात शेतातच भिजले, कणसाला कोंब फुटले, या नुकसानीची आठवण पंचनाम्याबरोबर मागे पडू लागते. पुराला नाव मिळते, तारीख मिळते. भिजलेल्या भाऱ्याला ती मिळत नाही. अनुकूलनाच्या दृष्टीने मात्र हे दुसरे नुकसान अधिक महत्त्वाचे आहे, कारण ते पुन्हा पुन्हा होणारे आहे.

राबाचा वाद : हातातून गेलेले जंगल

‘हे आपल्या हातातले नाही’ ही भावना येथे कशी रुजली, याचा शोध घेताना प्रथम राबाकडे वळावे लागते. भाताचे रोप तयार करण्यासाठी ऐन, किंजळ आदी झाडांच्या फांद्या, पाला, गवत, शेण यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर रचून पावसाआधी भाजावयाचे, ही पद्धत म्हणजे राब. भाजणीने तणाचे बी मरते, राखेतून पोषण मिळते आणि रोप जोमदार होते. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या ठाणे खंडातही या पद्धतीची दखल आहे.

१८७८ च्या भारतीय वनकायद्यानंतर जंगलांचे आरक्षण व सीमांकन वेगाने झाले. १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे सुरू झाली होती; इमारती लाकूड आणि जळण यांना मुंबईची बाजारपेठ होतीच. वनखात्याच्या दृष्टीने फांद्या तोडणारा शेतकरी जंगलाचा शत्रू ठरला, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने फांदी तोडण्यास मनाई म्हणजे भात करण्यास मनाई होती. रयतेची गाऱ्हाणी वाढत गेली, ठाणा फॉरेस्ट असोसिएशनसारख्या संघटनेने अर्ज-विनंत्या केल्या आणि सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या या आयोगापुढे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी हाच मुख्य विषय होता. इंद्रा मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकातील ठाणे जिल्ह्याच्या वननियमांवर आणि त्यांना झालेल्या सामूहिक प्रतिकारावर केलेल्या लेखनातून हा संघर्ष किती व्यापक होता हे लक्षात येते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या वादातील दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे अधिकाऱ्यांची भाषा. राब ही अडाणी सवय आहे, शेतकऱ्याला बदल नको आहे, हा युक्तिवाद तेव्हाही केला गेला. शेतीसुधारणेच्या चौकशीसाठी आलेल्या जॉन व्होएल्कर यांनी १८९३ च्या अहवालात भारतीय शेतकऱ्याच्या पद्धतींमागे सहसा कारण असते असे नमूद केले. तरी ही भाषा मागे हटली नाही. आजच्या प्रशिक्षण-पुस्तिकांतील ‘मानसिकता बदलणे आवश्यक’ हे वाक्य तिच्याच वंशातले आहे. दुसरी गोष्ट अशी की, लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी अर्ज केले, साक्षी दिल्या, काही सवलती मिळवल्या; मात्र जंगलाचा ताबा मिळवला नाही. अर्ज करावा, थोडे मिळावे, मूळ गोष्ट दुसऱ्याच्या हाती राहावी, हा धडा तेव्हापासूनचा आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, म्हणजे १८७८ नंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी.

धरणे : दिसणारे आणि न मिळणारे पाणी

दुसरा धडा पाण्याचा. मुंबईसाठी शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. १९५० च्या दशकात वैतरणेवर मोडक सागर झाला. पुढे भातसा आले, जे आज मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग पुरवते. २०१४ मध्ये मध्य वैतरणाची भर पडली. मुरबाडच्या बाजूला १९७२ चे बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे; तेथील पाणी कारखान्यांना आणि शहरांना. एवढे होऊनही या जलाशयांच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. जलवाहिनी गावाजवळून जाते, पाणी मात्र त्या गावचे नसते.

अशा ठिकाणी टंचाईचे कारण विचारले तर ‘हवामान’ हे उत्तर सहसा मिळत नाही. ‘मुंबई’ हे मिळते. मानसशास्त्रात याला कारणारोपण म्हणतात आणि त्यावरून पुढील कृती ठरते. कारण निसर्ग असेल तर माणूस आपली पद्धत बदलतो; कारण सरकार असेल तर मोर्चा काढतो. शहापूर-मुरबाडमध्ये मोर्चे निघाले, हे दैववादाचे लक्षण निश्चितच नव्हे. मुरबाडमधील प्रस्तावित काळू धरणाविरुद्ध श्रमिक मुक्ती संघटनेच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी लढा दिला आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने काम थांबले. ग्रामसभेला विचारात न घेता, वनखात्याची परवानगी नसताना काम सुरू झाले, हा त्या लढ्यातील आक्षेप होता. १८८५ च्या साक्षीदारांच्या वंशजांनी तोच मार्ग अवलंबिला, असे म्हणणे फारसे धाडसाचे होणार नाही.

येथे मानसशास्त्रातील एका संकल्पनेचा उल्लेख आवश्यक आहे. मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये ‘शिकलेली असहायता’ ही संकल्पना मांडली : वारंवार नियंत्रणाबाहेरचा आघात झाला की प्राणी प्रयत्न सोडून देण्यास शिकतो. ग्रामीण गरिबांविषयी लिहिताना ही संकल्पना पुष्कळ वापरली गेली. परंतु २०१६ मध्ये याच दोघांनी आपली मांडणी जवळजवळ उलटी केली. दीर्घ आघातापुढे निष्क्रियता ही मूळचीच प्रतिक्रिया असते, शिकावे लागते ते नियंत्रण, असा त्यांचा नवा निष्कर्ष होता. ही दुरुस्ती आमच्या अभ्यासकांपर्यंत फारशी पोहोचलेली दिसत नाही. ती स्वीकारली तर प्रश्नच बदलतो. ‘हे लोक निष्क्रिय का झाले?’ असे न विचारता ‘नियंत्रणाचा अनुभव त्यांना कोठे आणि कधी मिळाला?’ असे विचारावे लागते.

जेथे हात पोहोचतो

हा प्रश्न घेऊन शेताकडे पाहिले तर चित्र निराळे दिसते. हळवे, निमगरवे आणि गरवे अशा तीन मुदतींची भाते उंचसखल खाचरांत विभागून लावणे ही येथील जुनी रीत. पाऊस लवकर ओसरला तर हळवे हाती लागते, लांबला तर गरवे. जेम्स स्कॉट यांनी १९७६ मध्ये आग्नेय आशियातील शेतकऱ्यांविषयी ‘आधी सुरक्षितता’ हे जे तत्त्व सांगितले, ते या खाचरांत शब्दशः वाचता येते. जास्तीत जास्त उत्पन्न हे उद्दिष्टच नव्हे, उपासमार टळावी हे उद्दिष्ट आहे. कर्जत येथील भात संशोधन केंद्राच्या सुधारित वाणांनाही शेतकऱ्याने याच तत्त्वाने जागा दिली : सर्व शेत नव्या वाणाखाली न घालता आधी एक खाचर. विस्तार अधिकाऱ्याला हा संशय वाटतो. प्रत्यक्षात तो प्रयोग असतो.

पावसाळ्यानंतर भेंडी, काकडी यांसारख्या भाजीपाल्याकडे वळलेले शेतकरी दोन्ही तालुक्यांत आहेत. जेथे विहीर, बंधारा किंवा नदीकाठ आहे तेथेच हे घडले. कडधान्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. भात निघाल्यावर ओलीवर वाल, हरभरा, मूग घेता येतो. परंतु कापणीनंतर गुरे मोकाट सोडण्याची पद्धत असल्याने एकट्याने पेरले तर राखण करत बसावे लागते. येथे व्यक्तीच्या मनाचा प्रश्न नाही. सगळ्या वावराने एकत्र पेरले तरच पीक वाचते, म्हणून ‘शेजारी काय करणार?’ हा अंदाज प्रत्येकाचा निर्णय ठरवतो.

मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात, नेरळ येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा भात तंत्र हे अनुकूलनाचे चांगले उदाहरण आहे. चिखलणी नाही, आवण नाही. गादीवाफ्यावर थेट बी टोकावयाचे आणि पुढील हंगामांत नांगरट न करता तेच वाफे वापरावयाचे. श्रम व खर्च वाचतो, राबाची गरज उरत नाही आणि पाऊस लांबला तरी लावणी खोळंबत नाही. तरीही प्रसार संथ का? तणाचा प्रश्न, तणनाशकाचा खर्च ही कारणे खरी आहेत. पण चिखलणी हे केवळ शेतीकाम नाही. बैलजोडी, इर्जिक, आवणीची गाणी, शेतावरचे जेवण यांनी त्याला सामाजिक रूप दिलेले आहे. चिखल न करता भात लावणारा शेतकरी चार लोकांत आळशी ठरतो. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या ज्याने पोट भरले ती पद्धत सोडताना संभाव्य लाभापेक्षा संभाव्य तोटा मोठा दिसतो. डॅनियल कानेमन व अमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला हा स्वभावविशेष सुशिक्षितांतही तितकाच आढळतो. महाविद्यालयात नवा अभ्यासक्रम येतो तेव्हा आपण प्राध्यापक मंडळी कशी वागतो, हे आठवले तरी पुरे.

कातकऱ्यांच्या बाबतीत या सर्व विवेचनाला मर्यादा पडते. बहुतेकांपाशी जमीन नाही. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर जाणे आणि पावसाआधी परतणे हेच त्यांचे वर्षचक्र. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडणे ही त्यांची पहिली चिंता. मे महिन्यात पाऊस आला की कच्च्या विटा विरघळतात, भट्टी बंद पडते आणि उचल अंगावर राहते. माणसाच्या चिंतेचा साठा मर्यादित असतो, एक चिंता वाढली की दुसरी मागे सरते, असे एल्की वेबर यांनी म्हटले आहे. उचलीखाली दबलेल्या माणसाने पुढील वीस वर्षांच्या हवामानाची चिंता करावी, ही अपेक्षाच क्रूर आहे.

जमिनीचा भाव आणि भविष्याची लांबी

अलीकडच्या काळात आणखी एक घटक निर्णायक होत आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. रस्ता येण्याच्या कितीतरी आधी भूसंपादन आले, दलाल आले, ‘फार्म हाऊस’च्या पाट्या आल्या. मुरबाडच्या बाजूलाही माळशेजच्या रस्त्यालगत हेच घडले. ज्या खाचरातून वर्षाला काही पोती भात निघते त्याची किंमत लाखांत सांगितली जाऊ लागली की शेतकऱ्याच्या मनातील भविष्याची लांबी बदलते. बांध घालणे, ताल दुरुस्त करणे, विहीर खोदणे ही कामे दहा-वीस वर्षांच्या भरवशावर केली जातात. पाच वर्षांत विक्री होणार असेल तर ती कोण करणार? तरुण मुलगा भिवंडीच्या गोदामात किंवा आसनगावच्या कारखान्यात जातो. शेत वडिलांच्या हातात आणि निर्णय मात्र मुलाच्या मनात. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत बांधलेले वनराई बंधारे पुढच्या वर्षी कोणी का दुरुस्त करत नाही, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

इतिहासाने दिलेल्या जाणिवेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ‘पाणी मुंबईने नेले’ हे विधान सत्य आहे, पण पूर्ण सत्य नाही. भातसाचे सर्व पाणी उद्या गावांना मिळाले तरी हस्ताचा पाऊस स्वातीपर्यंत लांबणे थांबणार नाही. अन्यायाची तीव्र जाणीव कधीकधी या दुसऱ्या संकटाकडे डोळेझाक करावयास लावते आणि संघटनांच्या मागणीपत्रांत पीकपद्धतीला क्वचितच जागा मिळते. उलट, शासनाच्या हवामानविषयक कार्यक्रमांत पीकपद्धतीला जागा असते, पाण्याच्या हक्काला नसते. दोन्ही बाजूंनी अर्धेच बोलले जाते. ज्या माणसाला दीडशे वर्षांत जंगल व पाणी यांवर नियंत्रणाचा अनुभव मिळाला नाही, त्याला ‘आता तुमची मानसिकता बदला’ असे सांगण्याचा नैतिक अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. वनहक्काचे दावे मान्य होऊन सामूहिक वनाचे व्यवस्थापन ज्या ग्रामसभांकडे येईल, तेथे पुढील काही वर्षांत लोक झाडांबाबत, चराईबाबत आणि राबासाठीच्या फांद्यांबाबत काय ठरवतात, याचे पद्धतशीर निरीक्षण या परिसरातील महाविद्यालयांना सहज करता येण्यासारखे आहे.

त्यात राबाचा प्रश्न पहिल्यानेच येईल. मे २०२५ मध्ये पाऊस आला तेव्हा ज्यांची भाजणी उरकली नव्हती त्यांना ओल्या जमिनीवर राब पेटवणे शक्य नव्हते, आणि धूळवाफेवर पेरण्यासाठी धूळ उरली नव्हती. जी पद्धत वनखात्याच्या दीडशे वर्षांच्या मनाईने गेली नाही, ती पावसाच्या या नव्या वेळापत्रकाने जाऊ शकेल. तिच्या जागी काय येईल, हे ठरवण्यासाठी शेतकऱ्याजवळ एका हंगामाचा अवधी असतो आणि एका खाचराचे धाडस.